मिरचीच्या रोपांचं वाण

वैजाताईनं पदर बाजूला घेतला, कमरेला खोचलेली ओली पुरचुंडी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली, "सोड गाठ. हळू हां, मोडतील."

मी सोडली. आत मिरचीचं बी, आणि जवळजवळ प्रत्येक बीला एवढासा पांढरा मोड आलेला. आणि फडकं कोमट. बाहेर अशी थंडी की खोबरेल तेलाची बाटली चुलीजवळ ठेवल्याशिवाय तेल निघत नव्हतं, आणि हे फडकं कोमट.

"अंगाची ऊब," ती म्हणाली. "या दिवसांत मिरची सरळ मातीत टाकलीस की कुजली समज. आमच्या जतकडं सगळ्या बायका अशीच कमरेला बांधतात. आई तर भाकरी थापताना पण काढायची नाही."

"आणि झोपताना?"

"झोपताना पोटाशी. कूस बदलायची नाही, एवढंच."

मी हसले, तीपण हसली, आणि तेवढ्यात आतून आत्यांची हाक आली, "दोघी मिळून काय दळताय परड्यात?" तशी तिनं पुरचुंडी परत कमरेला खोचली आणि घागर उचलली.

थांबा, आधी सांगते कोण कोण ते, नाहीतर तुमचा गोंधळ होईल. वैजाताई म्हणजे वैजयंता, माझी थोरली जाऊ. आत्या म्हणजे आमच्या सासूबाई. आम्ही राहायचो साखर कारखान्याच्या कॉलनीत, सांगलीकडं. बैठी क्वार्टर्स, प्रत्येकाच्या पुढं-मागं चार वाफ्यांची जागा, आणि कॉलनीतल्या बायकांना त्या वाफ्यांचा असा काही अभिमान की नवऱ्याचं प्रमोशन एकवेळ विसरतील, पण कुणाचा दोडका आधी लागला ते नाही. माझं लग्न त्याच डिसेंबरात झालेलं. थोरले दीर मी फोटोतच पाहिले, ते वजनकाट्यावर कामाला होते, झोपेत अटॅक आला नि गेले. त्यांच्या जागी कारखान्यानं आमच्या ह्यांना घेतलं. वैजाताईला मूलबाळ नव्हतं, जागा तिलाच मिळाली असती, पण तिनं सही करून दिली. "मला नोकरी नको, मला इथंच राहू द्या," एवढंच म्हणाली म्हणे.

आणि मी घरात आले, तशी आत्यांनी तिच्या भावाला फोन लावायला सुरुवात केली. "धाकटी आली आता. दोन बायकांचं काम नाही इथं. तुमची बहीण तुम्ही बघा." हे तिच्यासमोर, तवा घासताना. भावाकडं काय होतं, तर गोठ्याला लागून एक खोली आणि भावजयीच्या हाताखाली जन्मभराची रांधणी.

तर वैजाताईच्या डोक्यात एकच होतं. कॉलनीच्या पाण्याच्या टाकीमागं एक पडीक तुकडा होता, आणि पंपाची जुनी खोली. महिला मंडळाला तिथं रोपवाटिका करायची होती, सगळ्यांना रोपं तिथनंच मिळतील अशी, आणि ती बघायला एक बाई हवी होती, तिथंच राहणारी. मंडळाच्या अध्यक्ष थोरवेवहिनी. त्यांचे मिस्टर चीफ केमिस्ट, म्हणजे कॉलनीत त्यांचा शब्द खाली पडायचा नाही.

"त्यांनी एकदा माझी रोपं बघितली ना शलू, की झालं," वैजाताई मला म्हणायची. "मग मी कुणाच्या दारात नाही. आपली खोली, आपली कडी."

म्हणून मग आम्ही दोघींनी ते वाणाचं काढलं. माझी पहिली संक्रांत, म्हणजे रथसप्तमीला आमच्याकडं हळदीकुंकू, अख्खी कॉलनी येणार. मी आत्यांना म्हटलं, वाण म्हणून प्लास्टिकचे डबे नकोत, भाज्यांची रोपं देऊ. पुढं उन्हाळा, सगळ्यांना वाफे भरायचेच आहेत. आत्यांनी हिशेब केला की हे डब्यांपेक्षा स्वस्त पडतंय, आणि हो म्हणाल्या.

आणि मग काय सांगू तुम्हाला. कँटीनचे वापरलेले कागदी कप धुऊन आणले, बुडाला सुईनं भोकं पाडली, कारखान्याच्या मळीचं खत पिठाच्या चाळणीनं चाळलं, त्यावर आत्यांचा वेगळा आरडाओरडा. वांगी, टोमॅटो उघड्यावर आले, पण मिरची काय येईना कुणाकडं, अख्ख्या कॉलनीत, आणि आमच्याकडं कपाकपातनं दोन दोन हिरवे कान. ती सकाळी कप उन्हाकडं सरकवायची, संध्याकाळी आत घेऊन वर गोणपाट टाकायची. रोपांशी बोलायची नाही वगैरे, तसलं काही नाही. उलट एखादं मरतुकडं दिसलं की चिमटीत धरून उपटून टाकायची. "लाड केले की पडतात," म्हणायची.

रथसप्तमीला मी काळी साडी, अंगभर हलव्याचे दागिने, नुसती मुंग्यांची मेजवानी होऊन बसलेले. बैठकीत बायका मावत नव्हत्या. वैजाताई अर्थात आत, स्वयंपाकघरात, मसाल्याचं दूध आटवत. विधवा बाईनं हळदीकुंकवात यायचं नाही, ते कुणी बोलत नाही, पण ते असतंच. मी एकेकीला हळद-कुंकू लावत होते, ओटीत तीळगूळ आणि वर मिरचीच्या रोपाचा कप देत होते, आणि बायका अक्षरशः हरखलेल्या. प्रत्येक कपाला लाल दोरा बांधलेला, तीपण वैजाताईचीच कल्पना.

थोरवेवहिनींनी कप डोळ्यांसमोर धरून फिरवून बघितला. "मिरची? आत्ता? खोड बघा कसलं जाड आहे. कुणी केली गं ही?"

आत्या म्हणाल्या, "आमच्या धाकटीनं."

मी म्हटलं, "नाही हो, सगळी ताईंची. मी फक्त कप धुतले."

"मग ती आत का?" थोरवेवहिनी म्हणाल्या. "बोलवा की बाहेर. आपण काय जुन्यापान्या बायका आहोत का?"

वैजाताई दारात आली. उंबऱ्याच्या आतच थांबली, ओले हात पदराला पुसत. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, खरंच केलं. थोरवेवहिनी म्हणाल्या, "ते टाकीमागचं मी ह्या महिन्यातच मार्गी लावते. दुसरं कोण बघणार ते? तूच." आणि वैजाताईचं तोंड मी बघितलं. तिला हसू आवरत नव्हतं आणि त्या उंबऱ्यात हसायचं कसं ते कळत नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या मगदूमकाकू म्हणाल्या, "माझी दोनदा कुजली गं. तू काय केलंस सांग तरी."

आता इथं ती नुसतं 'राख घातली' म्हणाली असती ना, तरी चाललं असतं. पण तिला वाटलं आता आपण रोपवाटिकेच्या बाई, विचारलं तर शिकवायला पाहिजे. तिनं भरल्या बैठकीसमोर कमरेची पुरचुंडी काढून दाखवली. "हे बघा काकू. ह्यात दुधी आहे, टाकीमागं लावायला. मिरचीपण अशीच केली. दिवसा कमरेला, रात्री पोटाशी. अंगाची ऊब लागली की बी फसत नाही."

 स्वयंपाकघरात दूध उतू गेलं त्याचा चर्रकन आवाज आला आणि कुणी हललं नाही, तीसुद्धा.

मग मगदूमकाकूंनी आपल्या ओटीतल्या कपाकडं बघितलं. "म्हणजे तुझ्या पोटावरचं की गं हे," त्या म्हणाल्या. "आणि सवाष्णीच्या ओटीत घातलंत."

"काकू, आमच्याकडं सगळ्याच—"

"तुमच्याकडच्या त्या सगळ्या कुंकवाच्या असतील."

एकीनं कप खाली ठेवला. मग दुसरीनं. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही, ते चढवलं असतं तर परवडलं असतं. नुसतं एकेक कप खाली, कपाटावर, खिडकीत, चपलांजवळ. थोरवेवहिनींनी तर हसून ठेवला. "मी स्कूटीवर आलेय, सांडेल गं. राहू दे, नेते नंतर." आणि जाता जाता पायरीवर त्यांनी हातरुमालानं बोटं पुसली. एकेक बोट.

सगळ्या गेल्यावर आत्या वैजाताईला एवढंच म्हणाल्या, "माझ्या सुनेची पहिली संक्रांत नासवलीस. सगळे कप उचल आणि उकिरड्यावर टाक. तूच टाक, आम्ही कुणी हात लावणार नाही."

तिनं उचलले. पण टाकले नाहीत, मागच्या बाजूला न्हाणीच्या भिंतीला ओळीनं लावून ठेवले. रात्री जेवली पण, नेहमीसारखी. मी कायतरी बोलायला गेले तर म्हणाली, "भात घे अजून."

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या झोपलेल्या. मी आणि वैजाताई मागं धुणं वाळत घालत होतो, तर मागच्या फाटकाशी स्कूटी. थोरवेवहिनी. गॉगल लावलेला, डोक्यावरनं ओढणी.

"वैजयंता, ती रोपं टाकली नाहीस ना?" एकदम हळू. "मिरचीची तेवढी दे मला. बायका काय, बोलतात. झाडाला काय कळतंय कुणाचा हात ते? फक्त मंडळात काढू नकोस."

वैजाताईनं हातातला टॉवेल झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला. "आणि टाकीमागचं, वहिनी?"

"ते आता कसं जमायचं गं? बायका रोपं घ्यायच्या नाहीत तिथनं. मी एकटी काय करणार? तू शहाणी आहेस, समजून घे." आणि मग, म्हणजे हे ऐका, मग त्या म्हणाल्या, "तसं तू एकदा माझ्या बाईला शिकवून ठेव ते बांधायचं कसं. तिचा नवरा आहे."

वैजाताई म्हणाली, "खरंय. तिला जमेल."

तिनं घमेल्यात रोपं मांडली, चांगली जाड खोडांची निवडून. म्हणाली, "उन्हाची न्यायची आहेत, पाणी घालून देते," आणि न्हाणीत गेली. तांब्या घेऊन आली आणि एकेका कपात, पानाला थेंब न लागू देता, बुडाशी सावकाश पाणी ओतत गेली. मी शेजारीच उभी. एक शिंतोडा माझ्या पावलावर उडाला.

मी पाय मागं घेतला. न्हाणीत बंब होता आमच्या, दुपारच्या भांड्यांसाठी पेटवलेला.

तिनं माझ्याकडं बघितलं.  परत ओतायला लागली.

थोरवेवहिनी तिकडं फाटकाकडं बघत होत्या, कुणी येतंय का म्हणून. "पुरे गं, किती घालतेस."

"मुळाला भिडलं पाहिजे, वहिनी. कप उचलू नका आत्ता, भिजलेत, फाटतील. घमेलंच न्या. संध्याकाळी लावा."

पुढच्या तासाभरात मगदूमकाकू कुंपणावरनं, आणि अजून दोघी बोळातनं. कुणी पिशवी आणली, कुणी परात. सगळ्यांचं म्हणणं तेच, झाडाला काय कळतं, आणि कुणाला सांगू नकोस. वैजाताई प्रत्येकीला म्हणाली, "थांबा, पाणी घालून देते." बंबात परत परत कोळसे घातले तिनं. शेवटचा कप गेला तेव्हा मला म्हणाली, "कपडे सुलटेच घातलेस बघ तू, रंग उडेल."

रोपं दिवसभर ताजी दिसतात. उकळत्या पाण्याचं तसंच असतं, वरनं कळत नाही. दुसऱ्या सकाळी सगळी आडवी. पानं काळी, खोडं शिजलेल्या भाजीसारखी. आता मजा अशी की कुणाला बोलता येईना, कारण कुणी नेलीच नव्हती ना. पण मगदूमकाकू साखर मागायला गेल्या थोरवेवहिनींकडं, आणि वाफा दिसला.

"तुमचीपण?"

"म्हणजे तुमचीपण?"

झालं. दुपारपर्यंत अख्ख्या कॉलनीत. एका रात्रीत गेली, सगळ्यांची, एकदम. हातच तसला आहे तिचा, लावला की जळतं. एरवी जीन्स घालणाऱ्या, पोरं इंग्लिश मीडियमला घालणाऱ्या बायका, आमच्या दारावरनं जाताना पदराचं टोक तोंडाशी धरायला लागल्या.

आणि आत्या. आत्या संध्याकाळी देवघरापुढं बसल्या आणि एकदम म्हणाल्या, कुणाला उद्देशून नाही, नुसत्या, "माझं थोरलं लेकरू रोज हिच्याच हातचं जेवत होतं."

वैजाताई तेव्हा कणीक मळत होती. हात परातीतच थांबले. मग तिनं सगळी कणीक गोळा केली, हात धुतले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात तिच्या हातचं कुणी जेवलं नाही. आत्यांनी भावाला फोन केला आणि ह्या वेळी विचारलं नाही, सांगितलं.

मी तिला न्हाणीत गाठलं. "ताई, मी सांगते सगळ्यांना. पाणी कढत होतं म्हणून. मी बघितलंय."

"आणि मग मी कोण?" ती म्हणाली. "लबाड बाई. चोरून रोपं मारणारी. हसतील गं."

"आणि आत्ता?"

"आत्ता भितात." तिनं तांब्या पालथा घातला. "परवा वहिनींनी बोटं पुसली माझ्यासमोर. भिऊन पुसली असती तर मला एवढं लागलं नसतं."

"पण तो हात घेऊन जाणार का तुम्ही जन्मभर?"

"नाहीतरी काय घेऊन जाणार होते?"

भाऊ जीप घेऊन आला, पण कॉलनीच्या मोठ्या गेटबाहेरच थांबला. वॉचमननं सोडली असती आत, पण वैजाताईच म्हणाली, चालत जाते. आत्या बाहेर आल्या नाहीत. हे ड्यूटीवर. मी एक पिशवी घेतली आणि तिच्याबरोबर निघाले.

पहिलं मगदूमकाकूंचं घर. कुंपणाशी मेथीचा वाफा, गुडघ्याला लागेल एवढी मेथी. वैजाताई थांबली. कुंपणावरनं वाकली आणि मेथीवरनं तळहात फिरवला, सावकाश, पोराच्या डोक्यावरनं फिरवावा तसा. "छान आलीय हो काकू," मोठ्यानं म्हणाली. खिडकीतला पडदा हलला.

मला आधी कळलंच नाही. पुढच्या घरी वालाचा वेल, त्याची शेंडी तिनं दोन बोटांनी धरली, सोडली. त्याच्या पुढं कोथिंबीर. कांद्याची पात. एकीच्या दारातली तुळस होती तिथं थांबली, हात पुढं केला, आणि मागं घेतला. तुळशीला नाही लावला. पण दुसरं काही सोडलं नाही, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी, ह्या कडेनं त्या कडेला जात. वेळ लागला. जीपमधनं भाऊ हॉर्न मारत होता. खिडक्याखिडक्यांत बायका उभ्या, आणि एकीचीपण छाती झाली नाही बाहेर येऊन 'हात काढ' म्हणायची.

शेवटचं गेटजवळचं थोरवेवहिनींचं. त्यांचे टोमॅटो कॉलनीत नावाजलेले, दिवाळीआधी लावलेले, काठ्यांना बांधलेले, खालपासून वरपर्यंत लगडलेले. थोरवेवहिनी व्हरांड्यातच होत्या, उठल्या. वैजाताईनं फाटक उघडलं, आत गेली, एकेका झाडाला हात लावला, एकही न चुकवता, आणि बाहेर आल्यावर फाटकाची कडी नीट लावली.

"येते वहिनी."



जीपमध्ये बसताना ती मला म्हणाली, "जा आता. आत्या ओरडतील." बस, एवढंच.

मी परत आले तेव्हा ऊन उतरत होतं आणि सगळीकडं एक आवाज, चरर, चरर असा. मुळं निघतात ना मातीतनं, तो. मगदूमकाकू लुगडं खोचून मेथी उपटत होत्या, मुठीच्या मुठी. वालाचा वेल मांडवासकट खाली. थोरवेवहिनींनी हातात प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या होत्या आणि टोमॅटो काठ्यांसकट ओढून काढत होत्या, पिकलेली लाल फळं पायाखाली फुटत होती. अंधार पडेपर्यंत कॉलनीत हिरवं असं तुळशी सोडून काही उरलं नाही. ह्यातल्या एकालाही तिनं मारलं नव्हतं. ज्यानं त्यानं आपापल्या हातानं.

सगळं उकिरड्यावर ढीग घालून टाकलं. सकाळी गावातल्या गाई आल्या आणि तो अख्खा ढीग खाऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या, धडधाकट, अजून काय आहे का बघायला. बायकांनी तेही खिडकीतनं बघितलं. 

मी तिला आठवड्यानं फोन केला, आत्या देवळात गेलेल्या तेव्हा. मागनं भावजयीचा आवाज येत होता, शेणाचं काहीतरी. मी सगळं सांगितलं, घाईघाईनं, एकेक घर. मला वाटलं हसेल.



ती म्हणाली, "टोमॅटो पण?"

"हो. मुळासकट."

"पिकलेले होते का गं?"

"लालभडक."

"अगं मग," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला, "बी तरी धरायचं होतंस."